‘परत सगळं बंद करणार का?’ कोविडचे निर्बंध, रस्त्यावरच्या बंद्या आणि आपला उडालेला विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठे रस्ता वन-वे झाला, कुठे पूल बंद केला, कुठे नवीन कॅमेरे बसले की आपल्याकडे पहिली रिॲक्शन ठरलेली असते, “यात काहीतरी शिजतंय.” आणि दुसरी, “लॉकडाऊनमध्ये पण असंच केलं होतं.” मला ही दुसरी जास्त महत्त्वाची वाटते, म्हणून लोक जे जे विचारतात ते एका जागी लिहून काढलंय. मुंबई-पुण्याचंच जास्त आहे, मधे एक फेरी ऑक्सफर्डची पण आहे, का ते तिथे गेल्यावर कळेल. मी सरकारी माणूस नाही आणि कुठल्या पार्टीचा पण नाही, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या पडल्या तरी चालतील.

ट्रॅफिक वेगळं, कोविड वेगळं. दोन्ही एकत्र कशाला आणताय?

मी नाही आणलं, सरकारनेच आणलं. आठवून बघा, २०२० ते २०२२ मध्ये आरोग्य धोरण नावाची जी काही चीज होती ती तुम्हाआम्हाला भेटली कुठे? ज्यांना हॉस्पिटलमध्ये जावं लागलं त्यांचं सोडा, बाकी सगळ्यांना ती नाकाबंदीवर भेटली, टोलनाक्यावर ई-पास दाखवताना भेटली, लोकलच्या तिकीट खिडकीवर भेटली. साथ डॉक्टरने समजावून सांगायची गोष्ट होती पण ती सांगायला समोर उभा होता हवालदार, आणि तो बिचारा सुद्धा सकाळी आलेला आदेश वाचून आलेला, त्याला दुपारी बदलला तर माहीत नाही. त्यामुळे ‘आरोग्यासाठी’ हा शब्द आणि ‘गाडी बाजूला घ्या’ हे वाक्य आपल्या डोक्यात एकत्रच बसलंय. आता कुणी प्रदूषण कमी करायला रस्ता बंद करतो म्हणालं तरी कानावर तेच येतं.

मुंबईतली ती २ किलोमीटरची भानगड नक्की काय होती?

जून २०२० चा शेवट. सरकारचं ‘मिशन बिगिन अगेन’ चालू, म्हणजे हळूहळू उघडतोय असं सांगणं चालू होतं, काही ऑफिसं सुरू झाली होती. आणि अचानक २८ जूनला मुंबई पोलिसांनी सांगितलं की खरेदी, सलून, व्यायाम, काय असेल ते घरापासून २ किलोमीटरच्या आतच, त्याच्या बाहेर फक्त ऑफिसला आणि इमर्जन्सीला. लगेच नाकाबंदी, आणि एकेका दिवसात हजारो गाड्या जप्त. लोकांना कळेना की २ किलोमीटर मोजायचे कसे, नकाशावर सरळ रेषेत का रस्त्याने, आणि आपला नेहमीचा केमिस्ट अडीच किलोमीटरवर असेल तर काय करायचं. काही दिवसांतच ते ‘२ किलोमीटर’ जाऊन ‘घराजवळच्या परिसरात’ अशी गुळमुळीत भाषा आली आणि विषय संपला.

पण २ हा आकडा कुणी काढला? त्याच्यामागे साथीचा कुठला हिशोब होता? ते कधीच कुणी सांगितलं नाही. आणि ज्यांची गाडी त्या दिवसांत उचलली गेली त्यांनी काय चूक केली होती तेही नाही. या सगळ्या प्रकरणात माझा मुद्दा एवढाच आहे बघा: नियम चुकला म्हणून विश्वास जात नाही, साथ नवीन होती, चुका होणारच. नियम आला तेव्हा कारण नाही आणि गेला तेव्हा हिशोब नाही, त्याने विश्वास जातो.

आणि ते रंगीत स्टिकर?

एप्रिल २०२१, दुसरी लाट. मुंबई पोलिसांनी गाड्यांना कलर कोड दिला, लाल म्हणजे डॉक्टर आणि मेडिकलवाले, हिरवा म्हणजे भाजीपाला-किराणा-दूध, पिवळा म्हणजे बाकी अत्यावश्यक सेवा. सहा इंचाचा गोल स्टिकर, काचेवर लावायचा. स्टिकर कुणी द्यायचा? नाक्यावर पोलीस पण देणार आणि तुम्ही स्वतः पण बनवून लावू शकता! मग काय, रंगीत कागद कापायला कितीसा वेळ लागतो. एकाने तर ट्विटरवर विचारलं की गर्लफ्रेंडला भेटायला जायचंय तर कुठला रंग लावू, त्यावर मुंबई पोलिसांनी पण गोड शब्दांत नकार दिला आणि ते सगळीकडे फिरलं, सगळे हसले. आठवडाभरातच योजना गुंडाळली. मला विचाराल तर यात कुणाची फार हानी झाली नाही, पण बेड मिळत नव्हते त्याच आठवड्यात पोलीस यंत्रणा गाड्यांच्या काचांवरचे रंग बघत होती हे लोकांच्या लक्षात राहिलं.

ई-पासचं काय एवढं? पास तर काढायचाच होता.

ऑगस्ट २०२० मधला गणपतीचा किस्सा कोकणातल्या माणसाला विचारा. गणपती २२ ऑगस्टला. चाकरमान्यांना सांगितलं १२ ऑगस्टच्या आत पोहोचा आणि १० दिवस क्वारंटाईन व्हा. स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर ई-पास पाहिजे, एसटीने जाणार असाल तर नको. म्हणजे घरातली चार माणसं स्वतःच्या गाडीत काचा लावून गेली तर साथ पसरेल म्हणून पास, आणि तीच चार माणसं वीस अनोळखी लोकांबरोबर बसमध्ये बसली तर काही प्रॉब्लेम नाही. पुढे २० ऑगस्टपासून जिल्ह्याबाहेरची एसटी सगळ्यांना बिनापासची सुरू झाली, खाजगी गाडीचा पास मात्र २ सप्टेंबरपर्यंत चालूच. यामागे काही कारण असेलही, बसमध्ये प्रवाशांची नोंद राहते वगैरे, पण ते कारण लोकांपर्यंत आलं नाही, लोकांपर्यंत आले ते पास काढून देणारे एजंट.

लोकलसाठी दोन डोसची सक्ती बेकायदेशीर होती का?

याचं उत्तर जरा मोठं आहे, कारण खरा पेच इथेच आहे.

लोकल २२ मार्च २०२० च्या रात्री थांबली. जूनच्या मध्यापासून अत्यावश्यक सेवेवाल्यांना, ऑक्टोबरमध्ये महिलांना ठरावीक वेळेत, १ फेब्रुवारी २०२१ पासून सगळ्यांना पण सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. आता विरार-कल्याणहून येणारा माणूस सकाळी ७ च्या आत येऊन १० च्या ऑफिसपर्यंत करणार काय, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनी विचारला. एप्रिलमध्ये परत बंद. मग ऑगस्टमध्ये जाहीर झालं की १५ ऑगस्ट २०२१ पासून ज्यांचे दोन डोस होऊन १४ दिवस झालेत त्यांनाच पास मिळणार.

आता त्या वेळची लसीची परिस्थिती आठवा. १८ ते ४४ वाल्यांना मे महिन्यात दार उघडलं आणि लस संपली म्हणून परत लावलं. कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर आधी ४ ते ६ आठवडे होतं, मार्चमध्ये ६ ते ८ झालं, मे मध्ये १२ ते १६. म्हणजे तरुण माणसाने धडपड करून जूनमध्ये पहिला डोस घेतला असेल तरी ऑगस्ट संपत आल्याशिवाय दुसरा मिळणारच नाही, लोकल मात्र दोन डोसवाल्यालाच. वसईहून चर्चगेटला बाइकवरून जाणारे, बसला तासन् तास लटकणारे लोक लसविरोधी नव्हते हो, ते रांगेत होते.

प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोर्टाने सरकारला स्पष्ट शब्दांत सांगितलं की हे आदेश आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जी पद्धत आहे, समितीशी चर्चा करून वगैरे, तशी न पाळता काढलेत, ते मागे घ्या. सरकारनेही मागे घेतो म्हटलं. आणि १ मार्चला नवीन नियमावली आली त्यात परत तीच अट! शेवटी १ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, सगळेच निर्बंध उठले तेव्हा ही पण उठली.

म्हणजे लस घेणं चूक होतं असं कोर्ट म्हणालं का? अजिबात नाही. कोर्टाचा आक्षेप ठरवण्याच्या पद्धतीवर होता. पण हा फरक बातमीच्या हेडलाईनमध्ये बसत नाही, त्यामुळे एका गटाने ‘लस सक्ती बेकायदा, बघा आम्ही म्हणत होतो’ असं धरलं आणि दुसऱ्याने ‘कोर्टाला काय कळतं साथीतलं’ असं.

सरकार म्हणतं लस ऐच्छिक होती. मग आम्हाला का अडवलं?

दोन्ही खरं आहे हीच गंमत. केंद्राने जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात प्रतिज्ञापत्रावर सांगितलं की कुणाच्या मर्जीविरुद्ध लस देण्याचा नियम आम्ही केलेला नाही. आणि त्याच वेळी राज्यात लोकल, मॉल, ऑफिस, सगळीकडे सर्टिफिकेट दाखवा चालू होतं. २ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला: कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येत नाही, राज्यांनी घातलेल्या अटी त्या वेळची परिस्थिती बघता प्रमाणात बसत नाहीत, लसीच्या दुष्परिणामांच्या नोंदी लोकांना बघता येतील अशा ठेवा. त्याच निकालात हे पण आहे की सरकारचं लसीकरणाचं धोरण मनमानी म्हणता येणार नाही. फॉरवर्डमध्ये पहिला अर्धा भाग असतो, हा दुसरा नसतो.

कोविशिल्डने हार्ट अटॅक येतात हे कंपनीने कबूल केलं ना? आणि सर्टिफिकेटवरचा फोटो पण काढून टाकला!

नाही. एप्रिल २०२४ च्या शेवटी बातमी आली की ॲस्ट्राझेनेकाने इंग्लंडच्या कोर्टात मान्य केलं की लसीमुळे अगदी क्वचित टीटीएस होऊ शकतो, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या आणि सोबत प्लेटलेट कमी होणं. ही गोष्ट नवीन नव्हती, २०२१ च्या मार्च-एप्रिलपासून युरोपात माहीत होती, ब्रिटनने त्यामुळेच आधी तिशीच्या आणि मग चाळिशीच्या आतल्यांना दुसरी लस द्यायला सुरुवात केली होती. आणि टीटीएस होतो तो लस घेतल्यावर काही आठवड्यांत, तीन वर्षांनी जिममध्ये नाही.

फोटोचं सांगायचं तर मे २०२४ मध्ये लोकसभा निवडणूक चालू होती, आचारसंहिता होती, म्हणून कोविनच्या सर्टिफिकेटवरून पंतप्रधानांचा फोटो तात्पुरता काढला होता. २०२१ मध्ये ज्या राज्यांत निवडणुका होत्या तिथेही काढला होता. पण ही बातमी आणि ती बातमी एकाच आठवड्यात आली, मग काय पुढे सांगायला नको. तरी मी म्हणेन की लोकांना मूर्ख ठरवू नका. २०२१ मध्येच इथे कुणी सरळ मराठीत सांगितलं असतं की बाबांनो असा एक धोका आहे, लाखात इतका कमी आहे, ही लक्षणं दिसली तर धावत या, तर २०२४ मध्ये ‘लपवलं होतं’ म्हणायला जागा उरली नसती. ती लस आपल्या पुण्यात मांजरीला बनत होती आणि तिच्याबद्दलची माहिती आपल्याला लंडनच्या कोर्टातून कळली, याचं वाईट वाटतंच की.

नियम सगळ्यांना सारखे होते का?

नाही. हे एका शब्दात संपवता येईल पण संपवणार नाही.

एप्रिल २०२०, कडक लॉकडाऊन, लोक आईच्या अंत्यविधीला जाऊ शकत नव्हते, आणि डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीवाले वाधवान कुटुंब आणि बरोबरचे असे २३ जण पाच गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेले, खिशात गृह खात्याच्या प्रधान सचिवांचं पत्र. गावकऱ्यांनी पकडून दिलं म्हणून कळलं तरी. साहेब सक्तीच्या रजेवर गेले, मग परत कामावर आले. पुढच्याच महिन्यात, ८ मे ला, औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली, जालन्याहून भुसावळकडे पायी निघाले होते. २४ मार्चला रात्री ८ ला भाषण आणि १२ पासून देश बंद, या चार तासांची किंमत कुणी भरली ते असं दिसतं.

मग ५ ऑक्टोबरला बार उघडले, देवळं १६ नोव्हेंबरला. आषाढीला पालख्या एसटीने पंढरपूरला, आणि २०२१ ला पायी निघालेल्या बंडातात्या कराडकरांना पोलिसांनी ताब्यात घेतलं, त्याच वर्षी एप्रिलमध्ये हरिद्वारला कुंभ आणि बंगालमध्ये निवडणुकीच्या सभा मात्र दणक्यात. वारकऱ्याला घरी बसवणं साथीच्या दृष्टीने बरोबरच होतं असं माझं मत आहे. पण टीव्हीवर एकाच वर्षात दोन्ही बघितल्यावर त्याला ते कुठल्या तोंडाने सांगणार?

आणि हो, सगळा दोष मंत्रालयावर नको. आपल्या सोसायट्यांच्या कमिट्यांनी जे केलं ते विसरू नका. सरकारने परवानगी दिल्यावरही घरकाम करणाऱ्या बायकांना गेटवर अडवून ठेवलं, नर्सला घर खाली करायला सांगितलं, आणि रात्री चेअरमनच्या घरी पाहुणे.

मृत्यूचे आकडे लपवले होते का?

१६ जून २०२० ला राज्याने एका दिवसात जुने १,३२८ मृत्यू यादीत घातले, त्यातले ८६२ मुंबईचे. लपवले म्हणा, राहिले म्हणा. नंतर मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आला की २०२०-२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा साधारण ४७ लाख मृत्यू जास्त झाले, सरकारी आकडा ४ लाख ८० हजारच्या आसपास होता. सरकारने अंदाजाची पद्धत अमान्य केली. स्मशानाबाहेरच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात त्यांनी कुणावर विश्वास ठेवला ते सांगायला नको.

हे सगळं नवीन आहे का? आधी लोक सरकारचं ऐकायचे ना?

पुण्यात बसून हा प्रश्न विचारताय? १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला, ओळखला डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरने. फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रजांनी साथरोग कायदा केला, चार कलमांचा, त्यातलं एक कलम हेच की या कायद्याखाली सद्‌हेतूने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. मग पुण्यात रँडची प्लेग कमिटी, घराघरांत शिरणारे गोरे सोल्जर, देवघरापर्यंत बूट, बायकांची तपासणी, सामान रस्त्यावर आणून जाळणं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकरांनी गोळ्या झाडल्या तो इतिहास शाळेतच शिकलोय.

पण त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले पुण्यात रोग्यांची सेवा करता करता गेल्या, १० मार्च १८९७ ला. म्हणजे लोकांचा राग साथीशी लढण्यावर नव्हता, कोण कसं दारात येतो त्यावर होता. आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कुठला कायदा लावला? तोच १८९७ चा. मुंबईत पूल किती जुने झालेत म्हणून आपण ओरडतो, हा कायदा त्यांच्या बरोबरीचा आहे.

१५ मिनिटांचं शहर म्हणजे ओपन जेल आहे, ऑक्सफर्डमध्ये सुरू झालंय असा मेसेज फिरतोय. खरं?

नाही, पण मेसेज कुठून जन्मला ते समजून घेण्यासारखं आहे.

१५ मिनिटांचं शहर ही पॅरिसचे प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांची कल्पना, की शाळा, दुकान, दवाखाना, बाग, शक्यतो काम पण, घरापासून पायी किंवा सायकलवर पंधरा मिनिटांत असावं. दादरला किंवा सदाशिव पेठेत राहणाऱ्याला यात नवीन काय ते कळणार नाही, तो आयुष्यभर असाच राहिलाय. आता ऑक्सफर्ड. तिथल्या काउंटी कौन्सिलने नोव्हेंबर २०२२ मध्ये ६ रस्त्यांवर ट्रॅफिक फिल्टर मंजूर केले, ठरावीक वेळेत खाजगी कार तिथून गेली की कॅमेरा टिपणार आणि दंड. रहिवाशांना वर्षाला १०० दिवसांचे पास. बाकी वेळी रिंगरोडने वळसा घालून शहरात कुठेही जा, चालत जा, बसने जा, कुणी अडवत नाही. सिटी कौन्सिलच्या वेगळ्याच एका आराखड्यात १५ मिनिटांची कल्पना होती. लोकांनी दोन्ही जोडलं आणि झालं ‘वर्षातून १०० दिवसच घराबाहेर पडायला परवानगी’. फेब्रुवारी २०२३ मध्ये हजारो लोक मोर्चाला आले, पार्लमेंटमध्ये एक खासदार याला समाजवादी डाव म्हणाले.

पण तिथल्या लोकांना हे खरं का वाटलं? कारण मे २०२० मध्ये, भर लॉकडाऊनमध्ये, ब्रिटिश सरकारने तातडीचे पैसे देऊन शहरांना सांगितलं होतं की पटापट सायकलचे रस्ते करा, गल्ल्या गाड्यांना बंद करा. कुंड्या आणि खांब रात्रीतून आले, लोकांना विचारणं नंतर. आणि ज्या पंतप्रधानांनी घरात बसा सांगितलं त्यांनाच लॉकडाऊनमधल्या पार्टीसाठी २०२२ मध्ये पोलिसांनी दंड केला. मग कॅमेरा, पास आणि दंड हे तीन शब्द परत ऐकल्यावर डोकं कुठे जाणार? कोविशिल्डचा जन्म ऑक्सफर्डचा, आणि आपल्या पुण्या-मुंबईत फिरणाऱ्या अर्ध्या मेसेजचा पण, असं आता म्हणायला हरकत नाही.

फिल्टर रेल्वे स्टेशनजवळच्या पुलाच्या कामामुळे लांबले, त्याऐवजी ऑक्टोबर २०२५ पासून त्याच ६ ठिकाणी दिवसाला ५ पौंड चार्ज सुरू झाला. जेल बांधलेला नाही. पण दुकानदारांची तक्रार, डिलिव्हरीवाल्यांची तक्रार, वळसा घालायला लागणाऱ्यांची तक्रार खरी आहे, आणि ‘ओपन जेल’ ओरडणाऱ्यांमुळे तीच ऐकू येईनाशी झाली. मला अशा फॉरवर्डचा राग येतो तो यासाठी.

पुणेकर कुठलाही नियम आला की विरोधच करतात, त्याला कोविडचं कारण कशाला?

मान्य, हेल्मेटला विरोध कोविडच्या कितीतरी आधीचा. जानेवारी २०१९ ला सक्ती कडक झाली, कृती समिती उभी राहिली, जूनमध्ये मुख्यमंत्र्यांनी शहरात कारवाई थांबवायला सांगितलं. डोकं आपलं, कायदा १९८८ चा, त्यात हेल्मेट स्पष्ट लिहिलंय, तरी. मी हेल्मेट घालतो आणि विरोधाची कारणं मला पटत नाहीत, बस.

पण बीआरटीचं बघा. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर, देशात पहिली म्हणून कौतुक, रस्त्याचा मधला भाग बससाठी राखला, बाकी गाड्यांनी अडचण सोसली. पुढे? कुठे दुभाजक गेले, कुठे स्टॉप पडून, नगर रोडवरचा मार्ग तर उखडूनच टाकला. २००६ मध्येच विद्यापीठ चौकात पूल बांधला, जुलै २०२० मध्ये लॉकडाऊनचा रिकामा रस्ता बघून पाडला. पार्किंगचं धोरण २०१८ मध्ये मंजूर होऊन वर्षानुवर्षं कागदावर. अशा शहरात कुणी उद्या म्हणालं की लक्ष्मी रोड कायमचा पादचाऱ्यांना देऊया, तर व्यापारी शंका घेणारच ना, की तुमचं मन दोन वर्षांनी बदललं की आम्ही काय करायचं. बरं ११ डिसेंबरला पादचारी दिन असतो तेव्हा तोच लक्ष्मी रोड एक दिवस बंद असतो, पोरंटोरं खेळतात, बायका रमत-गमत खरेदी करतात, मस्त वाटतं. बंदीची वेळ, कारण आणि शेवट आधी सांगितला की पुणेकर सुद्धा येतो.

‘तात्पुरतं बंद’ म्हणजे किती दिवस धरायचं?

अंधेरीचा गोखले पूल. जुलै २०१८ मध्ये पादचारी भाग कोसळला, दोघं गेले. पूल धोकादायक म्हणून ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद. एक बाजू उघडली फेब्रुवारी २०२४ ला, आणि कळलं की शेजारचा बर्फीवाला पूल आणि नवीन पूल यांची उंचीच जुळत नाही, साधारण दीड-दोन मीटरचा फरक! जुळवून झाला जुलैमध्ये, पूर्ण पूल मे २०२५ ला. पूल बंद करणं शंभर टक्के गरजेचं होतं. पण आता एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद केल्यावर परळचे लोक तारखांवर का हसले ते कळलं असेल.

मग कुठेच विश्वास टिकला नाही का?

टिकला, धारावीत. पहिला पेशंट १ एप्रिल २०२०, दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं, सार्वजनिक संडास, तिथे ‘घरात बसा’ याला अर्थ नव्हता. मग महापालिकेने तिथल्याच प्रायव्हेट डॉक्टरांना, ज्यांच्याकडे लोक वर्षानुवर्षं वीस-पन्नास रुपयांत जातात, पीपीई देऊन तपासणीला उतरवलं. संडास दिवसातून कितीतरी वेळा सॅनिटाईज, शाळा-हॉलमध्ये क्वारंटाईन आणि तिथे जेवण. ओळखीचा डॉक्टर म्हणाला चल, तर माणूस जातो. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी नाव घेतलं. तिथेही तक्रारी होत्याच, पण माणूस आधी दारात आला आणि नियम त्याच्या मागून.

लॉकडाऊनमधले गुन्हे, दंड, त्यांचं काय झालं?

कलम १८८ खालचे, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचे, गुन्हे मागे घ्यायचं राज्य सरकारने २०२२ मध्ये जाहीर केलं. पोरांच्या नोकरीच्या आणि पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनमध्ये अडचण येत होती म्हणून. तुमच्यावर होता आणि अजून दिसतोय तर पोलीस स्टेशनला आणि कोर्टात जाऊन कागद बघून घ्या, आपोआप गेला असेल असं धरू नका. मास्कचा भरलेला दंड विसरा.

रस्ता बंद केल्याचा मेसेज आला, खरा का खोटा ते कसं कळणार? आणि जाब कुठे विचारायचा?

खऱ्या आदेशात कुणी काढला (वाहतूक शाखेचे डीसीपी, आयुक्त वगैरे), कुठल्या कलमाखाली, कधीपासून कधीपर्यंत, पर्यायी मार्ग कुठला हे असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ११५ बहुतेक वेळा दिसेल. त्यात एक बारीक गोष्ट आहे, बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापायची गरज नाही, फक्त स्थानिक प्रसिद्धी द्यायची. म्हणजे महिना उलटून गेला आणि रस्ता अजून बंद, तर राजपत्रातली अधिसूचना कुठे आहे हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. जमावबंदीचं जुनं १४४ आता नवीन कायद्यात १६३ झालंय, ते पण साधारण दोन महिन्यांच्या वर नाही, वाढवायचं तर राज्य सरकारने वाढवावं लागतं.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत, ऑनलाइन पण होतो, उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, त्यामुळे आख्खं मन मोकळं करू नका. ‘रस्ता का बंद केला’ असं विचारलंत तर ‘वाहतुकीच्या सोयीसाठी’ असं उत्तर येईल. त्याऐवजी आदेशाची प्रत मागा, आदेशाआधी केलेल्या वाहन मोजणीचा अहवाल मागा, हरकती-सूचना किती आल्या आणि त्यावर काय शेरा मारला त्याची प्रत मागा, आणि बंदीची मुदत वाढवली असेल तर त्या फाइलवरच्या टिपण्या. अहवालच नसेल तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लेखी येतं. ते जपून ठेवा, नगरसेवकाकडे किंवा कोर्टात जाताना उपयोगी पडतं.